डाएट वारंवार फसल्यानंतर पुन्हा उमेद कशी धरावी: कोल्हापूरकरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दोन-तीन डाएट करून झालेली असतात. प्रत्येक वेळी काही किलो उतरतात, घरचे कौतुक करतात आणि वर्ष-दीड वर्षात उतरलेले सगळे वजन थोडे वाढूनच परत येते. त्यानंतर पुन्हा सुरुवात करण्याचा विचारही नकोसा होतो. हा लेख अशा अवस्थेतील वाचकांसाठी आहे आणि त्यात मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आधी उमेद येईल आणि मग आपण कामाला लागू, अशी वाट पाहत बसू नये. एखादी लहानशी गोष्ट रोज जमू लागली की उमेद तिच्या पाठोपाठ येते, आणि ती गोष्ट कोणती असावी याचा पत्ता तुमच्या फसलेल्या प्रयत्नांतच सापडतो.

अमेरिकेत १९९४ पासून ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ नावाची एक नोंद ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो वजन कमी करून ते निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची ही नोंद आहे. यशस्वी म्हणून नोंदल्या गेलेल्या या लोकांपैकी बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले होते. त्यामुळे तीन वेळा अपयश आले म्हणून चौथ्यांदाही येणारच, असे मानायला आधार नाही.

पहिली पायरी: शरीराने काय केले ते समजून घ्या

बहुतेक जण डाएट मोडल्याचा दोष स्वतःच्या मनोबलाला देतात आणि तिथेच उमेद संपते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. खाणे एकदम कमी केले की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपाट्याने उतरतात. मात्र त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेन या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणी निघून जाते आणि पुन्हा नीट जेवू लागताच परत येते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर हुरळून जाऊ नये आणि तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला म्हणून खचूनही जाऊ नये.

त्यानंतर शरीर आपला बचाव सुरू करते. चरबी घटली की पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, भूक लावणारे घ्रेलिन वाढते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक डाएट संपून वर्ष उलटले तरी भुकेच्या संप्रेरकांतील हे बदल टिकून असल्याचे आढळले. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. ही माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्याही कितीतरी आधी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्या तरुणांना खाण्याशिवाय दुसरे काही सुचेनासे झाले आणि त्यांच्यातले काही तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले.

रात्री अकरा वाजता डब्यातले लाडू आठवून झोप न येणे हे या माहितीच्या प्रकाशात पाहावे. जितकी कपात अचानक आणि मोठी, तितका शरीराचा विरोध तीव्र असतो. म्हणून या वेळी आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरावे अशी अपेक्षाच ठेवू नये.

दुसरी पायरी: जुन्या डाएटची वही

एक साधी वही घ्या आणि आजवर केलेल्या प्रत्येक डाएटला एक पान द्या. त्यावर चारच गोष्टी लिहाव्यात: काय बंद केले होते, ते कितव्या आठवड्यात मोडले, मोडले त्या दिवशी घरात किंवा बाहेर काय प्रसंग होता आणि सर्वांत आधी कोणता पदार्थ खाल्ला गेला. स्वतःवर टीका करणारे एकही वाक्य त्यात लिहू नका. या कामाला एक संध्याकाळ पुरते, पण पुढचे सगळे त्यावर उभे राहते, म्हणून ते टाळू नये.

पाने भरली की त्यांतून काही सारखेपणा दिसू लागतो. डाएट दरवेळी रविवारी मोडत असेल, तर अडचण मटणाच्या बेताशी आहे. सोमवार ते शनिवार तुम्ही नीट वागत होता, हेही तीच वही सांगते. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मोडत असेल, तर दुपारचे जेवण अपुरे पडत होते, विशेषतः त्यात डाळ, उसळ, अंडे, दही असे प्रथिनांचे काही नव्हते. श्रावण, नवरात्र किंवा लग्नसराईत मोडत असेल, तर आखणी करताना आपल्या घरचे वर्ष कसे जाते याचा विचारच झाला नव्हता. कीटोसारखे, म्हणजे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करणारे डाएट मोडण्याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते: घरात सगळ्यांसाठी भाकरी-आमटी आणि एकासाठी वेगळा स्वयंपाक, हे दोन महिन्यांहून जास्त कोणालाच झेपत नाही. पावडरच्या शेकवर असणाऱ्यांचे डबा संपला आणि पैसे खुंटले की थांबते.

स्त्रियांनी या वहीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. अनेक घरांत बाई सगळ्यांच्या नंतर जेवते आणि टाकवत नाही म्हणून उरलेली अर्धी भाकरी, मुलाच्या ताटातला भात, पातेल्यात राहिलेली खीर संपवते. हे खाणे भुकेचे नसते, म्हणून त्याची कधी मोजदादही होत नाही. अशा वेळी डाएटचा तक्ता बदलून काहीच साधत नाही. दोन भाकऱ्या कमी थापणे आणि शक्य असेल तेव्हा सगळ्यांच्या पंगतीलाच बसणे, याने अधिक फरक पडतो. घरातील इतरांनीही हे आपले काम मानावे, असे मला फार वाटते.

तिसरी पायरी: तपासणी

सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, थायरॉइड, एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. पाळी अनियमित असेल, झोपेत जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल किंवा स्टिरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधे चालू असतील, तर तेही सांगावे, कारण या सगळ्यांचा वजनाशी संबंध असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे आपले सीपीआर आहेच.

टेपने कंबरही मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते. याच कारणासाठी आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा.

चौथी पायरी: स्वतःचे कारण शोधा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या मांडणीनुसार माणसाने स्वतः मान्य केलेले कारण टिकते, आणि लाजेपोटी किंवा दुसऱ्याच्या दबावाखाली स्वीकारलेले कारण लवकर विरते. बहिणीच्या लग्नापूर्वी बारीक व्हायचे, हे कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संपलेले असते. शेजारच्या काकूंनी टोमणा मारला, हे कारण तर एका संध्याकाळपुरतेच असते.

त्यापेक्षा आज जे करता येत नाही आणि ज्याची मनातून खंत आहे, ते लिहा. मधे न थांबता जोतिबाच्या पायऱ्या चढणे, पंगतीत मांडी घालून बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे, आषाढीला दिंडीबरोबर नंदवाळपर्यंत पायी जाणे, नातवाला कडेवर घेऊन जिना चढणे, अशी कारणे वर्षानुवर्षे जिवंत राहतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक माहिती खूप धीर देणारी आहे: संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासात, वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे दिसले आहे.

किती उतरवायचे हेही याच वेळी ठरवा आणि आकडा लहान ठेवा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढेच उद्दिष्ट असलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. लग्नाच्या वेळच्या वजनावर परत जाण्याची काहीही गरज नाही.

पाचवी पायरी: एकच बदल, ठरलेल्या वेळी

आता वहीतील सर्वांत जास्त वेळा दिसलेला प्रसंग घ्या आणि त्यावर एकच उपाय ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की ‘मी कमी खाईन’ अशा संकल्पापेक्षा ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ असे नेमके ठरवलेले जास्त पाळले जाते. उदाहरणार्थ: ‘दुकान बंद करून निघालो की आधी घरून आणलेले फुटाणे खाईन, मगच खाऊगल्लीच्या रस्त्याने जाईन.’ किंवा ‘दुपारच्या जेवणाला बसले की पहिली वाटी उसळीची घेईन.’ हे इतके सोपे असावे की दमलेल्या दिवशीही जमेल. पहिल्याच आठवड्यात चहातील साखर, भात, तळण आणि रात्रीचे जेवण असे चारही एकदम बदलू नये. जुनी डाएट अशानेच मोडली होती.

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. २१ दिवसांत सवय लागते असे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश झालेल्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. त्याच अभ्यासात असेही दिसले की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

सहावी पायरी: कोल्हापुरी ताटातच मार्ग काढा

तांबडा-पांढरा कायमचा बंद करण्याची प्रतिज्ञा कोल्हापुरात टिकणार नाही, आणि तिची गरजही नाही. मटणाच्या बेतात वजन वाढवणारे काय असते ते पाहिले की उपाय सापडतो. शंभर ग्रॅम मटणातून वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि प्रथिनांनी पोट बराच वेळ भरलेले राहते. खरी भर पडते ती वर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगाने, सुक्क्यातील तेलाने, पांढऱ्या रश्शातील नारळाच्या दुधाने आणि रस्सा आहे म्हणून वाढत गेलेल्या भाताने. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक असतात. स्वयंपाकाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२०. म्हणून रविवारी मटण खा, पण तवंग बाजूला काढून रस्सा घ्या, पांढरा एक वाटी घ्या, आणि भाताऐवजी ज्वारीच्या भाकरीवर जेवण संपवा. मित्रांच्या रस्सा मंडळात जायचे असेल, तर त्या दिवशी उपाशी राहून जाऊ नका; दुपारी ताक-भाकरी खाऊन गेलेला माणूस रात्री बेताने जेवतो.

मिसळीचेही तसेच आहे. मोड आलेली मटकी उत्तम अन्न आहे. कट आणि फरसाण वजन वाढवतात. कट वेगळ्या वाटीत मागवा, फरसाण निम्मे सांगा, आणि ब्रेडचे दोन तुकडे पुरे करा. आठवड्यातून एकदा अशी मिसळ खाल्ल्याने काही बिघडत नाही.

गुळाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण इथे गैरसमज फार आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु उष्मांकांच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत अगदी थोडा फरक आहे. ‘गुळाचा आहे’ म्हणून चहा चार वेळा घेतला, तर वजनावर परिणाम साखरेच्या चहाइतकाच होतो. दूध कट्ट्यावरच्या धारोष्ण म्हशीच्या दुधाचे असेच समजावे: पाव लिटरच्या पेल्यात अडीचशे उष्मांकांहून थोडे अधिकच असतात, आणि जेवून आल्यावर प्यायलेले हे दूध म्हणजे आणखी एक लहान जेवणच असते. ते प्यायचेच असेल, तर त्या रात्रीच्या जेवणात त्याला जागा ठेवावी. तालमीत घुमणाऱ्या पोराला दूध, तूप, बदामाची थंडाई पचते, कारण तो दिवसात दोन वेळा तासन्‌तास घाम गाळतो. तालीम सुटल्यावर खुराक मात्र तसाच राहिला, म्हणून पस्तिशीनंतर वजन वाढलेले कितीतरी जण प्रत्येक पेठेत दिसतील.

उपवासाच्या दिवसांकडेही लक्ष द्यावे. साबुदाणा जवळपास पूर्ण पिष्टमय आहे. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की संकष्टीचा फराळ रोजच्या जेवणापेक्षा जड होतो. वरीचे तांदूळ, दही, ताक, फळे आणि रताळे यांवर उपवास केला, तर श्रद्धाही राहते आणि पोटही हलके राहते.

रोजच्या ताटासाठी आपल्या घरांत जुने आणि स्वस्त पदार्थ आहेतच: हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, पिठले-भाकरी, मेथी किंवा अंबाड्याची भाजी, ताक, आंबील. यांपैकी एकासाठीही वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. हे सारे घरचेच असल्यामुळे ते दहा वर्षे चालू शकते, आणि टिकण्यासाठी मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सातवी पायरी: चालणे, आणि पावसाळ्याची सोय

चालण्याने वजन फार वेगाने उतरत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्याचा खरा उपयोग उतरलेले वजन टिकवायला होतो; शिवाय साखर, रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती यांवर होणारा त्याचा परिणाम काट्यावर दिसण्याआधीच जाणवू लागतो. पहिल्या आठवड्यात जेवणानंतर दहा मिनिटे पुरेत. मग रंकाळा, शिवाजी विद्यापीठाचा परिसर किंवा जवळची बाग, जिथे पोहोचायला गाडी काढावी लागणार नाही अशी जागा निवडावी. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर असे स्नायूंचे व्यायाम घालावेत. वजन उतरताना स्नायूही झिजतात, ते यामुळे राखले जातात.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे चार महिने चालण्याची सवय मोडतात. त्यासाठी मे महिन्यातच घरातली सोय ठरवून ठेवा: जिना, गच्चीचा छपराखालचा भाग, सोप्यातल्या फेऱ्या किंवा सूर्यनमस्कार. पाऊस सुरू झाल्यावर विचार करू म्हणणाऱ्यांची चाल गणपतीपर्यंत बंद पडलेली असते.

आठवी पायरी: मोजमाप

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर वजन करावे. कंबर महिन्यातून एकदा मोजावी. रोज काट्यावर उभे राहून ज्यांचा दिवस खराब जातो, त्यांनी काटा कपाटात ठेवावा आणि वहीत फक्त ठरलेली कृती झाली की नाही एवढीच खूण करावी.

नववी पायरी: मोडलेला दिवस आणि जवळची माणसे

असा दिवस येणारच, म्हणून त्यासाठीचे वाक्य आधीच ठरवून ठेवा: ‘पुढचे जेवण नेहमीसारखे.’ दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करायला जाऊ नका, कारण त्या उपाशीपणातून पुढची अतिखाण्याची वेळ तयार होते. खूण चुकलेल्या दिवसापुढे वहीत प्रसंग लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की पुढचा बदल कोणता करायचा ते आपोआप कळेल.

आग्रहाला उत्तर देणे अवघड जाते, कारण आपल्याकडे आग्रह हे प्रेमच असते. ‘एवढ्यानं काय हुतंय, खावा की!’ असे मावशी म्हणाली, तर डाएटचे नाव काढू नये. त्यावर वाद सुरू होतो. ‘पोट भरलंय मावशी, पण तुमच्या हातचा रस्सा अजून एक वाटी द्या,’ असे म्हटले की तिचेही मन राहते आणि भाताचा ढीग टळतो. घरातील एकाच माणसाला सगळे सांगा. जो हिशेब विचारणार नाही पण संध्याकाळी चालायला बरोबर येईल, असा माणूस निवडा.

मदत कधी घ्यावी

थोड्या वेळात प्रचंड खाणे, ते लपवणे, मग उलटी काढणे किंवा दिवस दिवस उपाशी राहणे, असे वारंवार होत असेल, तर डाएट थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनासाठीची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली आणि त्यांच्याबद्दल कुतूहल खूप आहे. ती परिणामकारक आहेत, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, म्हणून वरच्या सवयी औषधाबरोबरही लावाव्याच लागतात.

एचबीए१सी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. त्यामुळे पहिली तपासणी झाली त्या तारखेपासून तीन महिन्यांनंतरचा दिवस आजच वहीत लिहून ठेवा, त्या दिवशी ती पुन्हा करून घ्या, आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांशी पुढचा बदल ठरवा.